पोलादातल्या तड्यांवर एमटेक करून नोकरी कुठली?

मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पोलादातल्या तड्यांवर एमटेक करायचं म्हणते. "पोलाद वाकतं, तुटत नाही, मग यात पोट कसं भरणार?" ही तुमची शंका.

पोलाद तुटतं, आणि काचेसारखं तुटतं. 16 जानेवारी 1943 ला अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेलं ‘स्केनेक्टडी’ हे नवंकोरं टँकर जहाज शांत पाण्यात डेकपासून दोन्ही बाजूंनी खाली फाटत गेलं. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद आणि वेल्डिंगमधले दोष एकत्र आले. रिव्हेट (धातूचे खिळे) ठोकून जोडलेल्या जहाजात तडा बऱ्याचदा प्लेटच्या कडेला अडकायचा. वेल्डिंगने सांगाडा सलग झाला नि तड्याला वाट मोकळी मिळाली.

म्हणून तडा सुरू होऊ न देणं वेगळं आणि सेकंदाला शेकडो मीटर धावणारा तडा अडवणं वेगळं. ताण कमी झाला किंवा पुढची प्लेट जास्त चिवट वा उबदार असली, तरच तो थांबतो. मोठ्या कंटेनर जहाजांच्या डेकला 50 मिमीहून जाड प्लेटा लागतात, तिथे तडा अडवणारं खास पोलाद आता नियमानेच मागतात.

सुट्टीआधी कॉलेजच्या लॅबमध्ये तिने शार्पी चाचणी स्वतः करावी: खाच पाडलेला तुकडा लंबकाच्या एका घावात तोडायचा आणि त्यात किती ऊर्जा गेली ते मोजायचं. 10×10×55 मिमीचे तुकडे, 2 मिमी खोल व्ही-खाच, +20, 0, −20 आणि −40 अंशांवर प्रत्येकी तीन. थंड द्रवातून काढल्यावर पाच सेकंदांत तुकडा तुटला पाहिजे, नाहीतर तो तापतो आणि आकडा फुगतो. खाचेचं टूल झिजलं असेल तरी तेच होतं. तुकडा रोलिंगच्या (प्लेट लाटल्याच्या) दिशेने कापलाय की आडवा, हे न लिहिलेला निकाल मी तरी वाचणार नाही. तुटलेला भाग पाहावा: चकाकता दाणेदार म्हणजे ठिसूळ, मळकट तंतुमय म्हणजे चिवट. मात्र एवढ्याशा तुकड्यावरून 70 मिमी प्लेटीत तडा थांबेल का, ते सांगता येत नाही. त्यासाठी एका कडेला थंड, दुसऱ्या कडेला गरम ठेवलेल्या, ओढून ताणलेल्या सुमारे 500 मिमी रुंद प्लेटीवर थंड कडेला पाचर ठोकतात आणि तडा कुठे थांबला ते मोजतात.

तड्यांच्या नावाने नोकरीची जाहिरात येत नाही. पदं वेल्डिंग, मटेरियल टेस्टिंग, पाइपलाइन तपासणी किंवा जहाज-सर्वेक्षणाची असतात. अंबरनाथची नौदलासाठीची मटेरियल्स संशोधन प्रयोगशाळा (एनएमआरएल), पवईचं जहाजं तपासून प्रमाणित करणारं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, चेन्नईचं स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग संशोधन केंद्र ही ठिकाणं पाहावीत. गेटमध्ये (एमटेकच्या प्रवेश परीक्षेत) मेकॅनिकलचाच पेपर द्यावा. मटेरियल्सचे विभाग तो घेतात का, ते पात्रतेच्या अटींत तपासावं. प्रवेशाआधी विभागाला एकच विचारा: सर्वो-हायड्रॉलिक मशीन (तुकड्यावर कमी-जास्त भार देऊन तडा वाढवणारं यंत्र) चालू आहे का? नुसतं सिम्युलेशन असेल तर दुसरा विभाग शोधा.