मित्रांसोबत कॉफी पिताना फायर अलार्म वाजला, मी एकटाच उठलो आणि सगळे हसले. मी जास्त घाबरतो का?

नाही भाऊ, तुम्ही बरोबर केलं. तुम्ही लिहिलंय की पुण्यात मित्राच्या फ्लॅटवर सगळे कॉफी घेत बसले होते, जिन्यातला अलार्म वाजला, कोणी मान पण वळवली नाही, तुम्ही चपला घालून खाली बघून आलात, काहीच नव्हतं, आणि तेव्हापासून ग्रुपवर तुमची मजा घेणं सुरू आहे. मजा घेऊ द्या, पण पुढच्या वेळी अलार्म वाजला तर पुन्हा उठा, आणि का ते सांगतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा, शेती करतो. रविवारी संध्याकाळी आमची पण कॉफी असते. चहा तर घरोघरी दिवसातून चारदा होतोच, चहासाठी कोणी कोणाला मुद्दाम बोलवत नाही, पण कॉफीला या म्हटलं की माणूस हातपाय धुऊन, शर्ट बदलून येतो. एका मित्राच्या छपरीत बसतो, दुधातली फेटलेली कॉफी, आणि मग सोयाबीनच्या भावापासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळं निघतं. तिथं बसल्या बसल्या मी पाहत आलोय की काय वाजलं की कोण उठतं आणि कोण बसून राहतं.

आमच्याकडचा रोजचा अलार्म म्हणजे झटका मशीनचा सायरन. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) पीक ठेवत नाहीत म्हणून वावराला चारी बाजूनं तार, सोलर प्लेट, बॅटरी, आणि तार तुटली किंवा कशाला टेकली की सायरन वाजतो. आता पावसाळ्यात गवत वाढतं, ओलं गवत तारेला टेकतं, की वाजला सायरन. पहिल्या रात्री माणूस टॉर्च आणि काठी घेऊन धावतो, दुसऱ्या रात्री पण धावतो, मग आठवडाभर गवतच निघालं की कूस बदलून झोपतो, आणि आमच्यातल्या एकानं तर शेवटी सायरनची वायरच काढून टाकली आणि त्याच महिन्यात डुकरांनी त्याचा मक्याचा पट्टा आडवा केला. त्याला आळशी म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण दिवसभर डवरणी करून रात्री जागलीला जाणारा माणूस आहे तो. त्याच्या कानाला त्या आवाजानंच शिकवलं होतं की ह्यात काही दम नाही. डुकरांचं पण तेच होतं बरं का, वाघाच्या डरकाळीचा नाहीतर कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज भोंग्यावर लावून ठेवतात, सुरुवातीला जनावर येत नाही, आणि मग काही दिवसांनी भोंग्याखालीच चरतं. खोटा आवाज पुन्हा पुन्हा आला की कोणताही जीव तो ऐकणं सोडतो.

मोबाईलचं बघा. २०२३ मध्ये सरकारनं आपत्तीच्या इशाऱ्यासाठी बऱ्याच जणांच्या फोनवर टेस्ट मेसेज पाठवला होता, आठवत असेल, फोन सायलेंटवर असला तरी कर्कश वाजला होता. बायाबापड्या घाबरल्या, शाळेत पोरं घाबरली, आणि उघडून पाहिलं तर लिहिलेलं की हा चाचणीचा संदेश आहे, दुर्लक्ष करा. टेस्ट करणं गरजेचंच होतं, ती यंत्रणा चांगली आहे आणि मला ती हवीच आहे. पण माझ्या गावात तरी त्या आवाजाशी लोकांची पहिली ओळख 'दुर्लक्ष करा' ह्या शब्दांनीच झाली, मग दुसऱ्यांदा वाजल्यावर कोण दचकणार.

पण तुमच्या मित्रांच्या बाबतीत सवयीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे सोबत. १९६८ साली अमेरिकेत लाताने आणि डार्ली ह्या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. कॉलेजच्या पोरांना खोलीत बसवून फॉर्म भरायला दिला आणि भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर सोडला. एकट्या बसलेल्या २४ पैकी १८ जणांनी बाहेर येऊन धुराचं सांगितलं. मग तिघं तिघं अनोळखी बसवले, तर ८ पैकी ३ वेळाच कोणी उठलं. आणि जिथं बाकीचे दोघं मुद्दाम गप्प बसायला सांगितलेले होते, तिथं १० पैकी एकच जण उठला. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हातानं धूर बाजूला करत होते आणि फॉर्म भरत होते! नंतर विचारलं तर कोणाला ती वाफ वाटली, कोणाला एसीचं काहीतरी वाटलं, आणि बाजूचे शांत होते म्हणून आपण बसलो असं मानायला कोणी तयार नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा मला आमची छपरीच दिसली. आवाज सगळ्यांच्या कानावर पडतो, पण माणूस आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, समोरचा आपल्याकडे बघत असतो, दोघंही हातात कप धरून शांत, म्हणजे काही नसेल. मित्रांत तर अजून जास्त, कारण उठलो आणि काही निघालं नाही तर 'काहून घाबरला बे' हे ऐकावं लागतं, तुम्ही ऐकलंच.

हे उलटं पण चालतं, आणि तुम्हाला मला हेच सांगायचं होतं. माझ्या बहिणीचं सासर भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, भंडारा शहरात सुद्धा पाणी शिरलं. निघा म्हणून सांगून गेले तरी तिच्या गल्लीत सगळे ओट्यावर उभे, नदी दरसाल फुगते, उतरेल म्हणून. मग एका घरच्यांनी गादी, पेटी, म्हातारी बैलगाडीत घातली आणि निघाले, आणि ती गाडी पाहून घंटाभरात गल्ली रिकामी झाली. जे सांगून झालं नाही ते एका गाडीनं केलं.

आमच्या छपरीत हे काम मित्राची मोठीमाय करते. जूनमध्ये एकदा कॉफी सुरू असताना दामिनी ॲपचा इशारा वाजला. हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं काढलंय, जवळपास वीज पडत असली की सांगतं, आणि आमच्या भागात दर पावसाळ्यात वीज पडून माणसं जनावरं जातात म्हणून गावात बऱ्याच जणांकडे आहे. फोन वाजला, एक जण म्हणाला हे रोजच वाजते, बस. मोठीमाय आतून आली आणि सरळ नाव घेऊन बोलली, "बंडू, लिंबाखालचे बैलं सोड. विलास, वावरात पोट्ट्याले फोन लाव, झाडाखाली नको थांबू म्हणा." झालं, सगळे उठले, नाव न घेतलेले पण उठले. वीज आमच्या शिवारात पडली नाही, ढग दिग्रसकडे गेला, आणि तिला घाबरट म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही, आम्ही परत येऊन गार झालेली कॉफी गरम करून प्यालो.

तर तुम्ही पुढच्या वेळी एकटे गुपचूप उठून जाऊ नका, मोठ्यानं बोला आणि नाव घ्या. 'कोणीतरी बघा रे' म्हटलं की कोणीच बघत नाही, 'अमुक, तू गॅस बंद आहे का बघ, तमुक, तू वॉचमनला फोन कर' म्हटलं की माणूस हलतो. धूर दिसला तर लिफ्टनं जायचं नाही, जिन्यानं उतरायचं, निघताना दार ओढून घ्यायचं आणि १०१ लावायचा. गॅसचा वास असेल तर कोणत्याच बटणाला हात लावायचा नाही, लाईट चालू पण नाही आणि बंद पण नाही, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या, बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

आणि तो अलार्म उगाच वाजत असेल तर मित्राला सोसायटीत ते लावून धरायला सांगा. तुमचे मित्र बसून राहिले ह्यात त्या खराब अलार्मचा पण वाटा आहे, तो दुरुस्त झाला नाही तर काही दिवसांनी तुम्ही पण उठणार नाही. ग्रुपवर मजा सुरू आहेच, तर तिथंच विचारून टाका की त्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर चालता न येणारं कोणी राहतं का, आणि अलार्म वाजला तर त्यांच्या दारावर कोण जाणार.