कोंक, कोकण आणि शंख

प्रश्न असा आलाय की दक्षिण फ्रान्समध्ये एक छोटंसं गाव आहे, स्पेलिंग सी-ओ-एन-क्यू-यू-ई-एस, व्हिडिओत कोणी कॉन्क्वेस म्हणतं, कोणी कॉंक म्हणतं, तर मराठीत लिहायचं कसं, आणि ऐकायला इतकं कोकणासारखं आहे तर दोघांचं काही नातं आहे का.

आधी उच्चार, कारण तो लवकर संपतो. फ्रेंचमध्ये क्यू-यू म्हणजे नुसता क, आणि शेवटचं ई-एस लिहायचं पण बोलायचं नाही, म्हणून कॉन्क्वेस अजिबात नाही. राहतं ते एकच अक्षर, कोंक. फक्त आपण पंकज म्हणताना जीभ मागे टाळूला टेकते आणि ङ् स्पष्ट निघतो, तसं इथे होत नाही, स्वरच नाकातून काढायचा आणि थेट क वर यायचं. मालवणी माणूस खंय म्हणतो तेव्हा जो नाकातला स्वर येतो ना, साधारण तसाच, फक्त ओ चा. त्यामुळे मालवणी बोलणाऱ्याला हा उच्चार पुण्यातल्या माणसापेक्षा सहज जमेल असं मला मनापासून वाटतं. लिहिताना कोंक लिहा, यापेक्षा जवळचं देवनागरीत काही होत नाही. आणि स्पेलिंग बघून कॉन्कर, कॉन्क्वेस्ट आठवत असेल तर तेही सोडून द्या, ते शब्द शोधणे, मिळवणे अशा अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन क्रियापदावरून आलेत.

आता खरी गंमत. गावाचं नाव आलंय लॅटिन कोंका वरून, अर्थ शिंपला, शंख. लॅटिनने तो घेतला ग्रीकमधून. आणि भाषांचे अभ्यासक हा ग्रीक शब्द आणि आपला संस्कृत शंख एकाच कुळातले मानतात. आता क कुठे आणि श कुठे असं वाटेल, पण हे नियमाने होतं. या सगळ्या भाषा ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, तिच्यातला एक विशिष्ट क लॅटिन-ग्रीककडे क च राहिला आणि संस्कृतकडे येताना त्याचा श झाला. आपलं दश तिकडे देकेम, आपलं शत तिकडे केन्तुम, आपला श्वान तिकडे कानिस. त्याच रांगेत आपला शंख आणि तिकडचा कोंका बसवून बघा.

आणि हाच नियम कोकणाला या घरातून बाहेर काढतो. कोकण, जुन्या लिखाणात कोंकण (1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढले त्यात तोही गेला), हा शब्द त्याच मुळापासून वाढत आला असता तर संस्कृतात त्याच्या सुरुवातीला श दिसायला हवा होता, तिथे तर क आहे. बरं, यवन म्हणजे ग्रीक व्यापारी सोपारा-कल्याणला यायचे म्हणून त्यांच्याकडून नाव उचललं म्हणावं तर त्याला काहीच आधार नाही. तेव्हा कोंक आणि कोकण हे नुसते सारखे दिसणारे शब्द, खरा भाऊ शंख.

पण गावाला शिंपला का म्हणायचं, समुद्र तर जवळपासही नाही? उत्तर जमिनीत आहे. हे गाव आव्हेरों जिल्ह्यात, रोदेझ शहराच्या उत्तरेला डोंगराळ भागात, ऊश नावाची छोटी नदी दूर्दू नदीला मिळते तिथे वरच्या उतारावर, भोवती जंगल आणि मधे खोलगट दरी, उघड्या शिंपल्यासारखी. घरांची छपरंसुद्धा तिथल्याच करड्या पाषाणाच्या चपट्या फरश्यांची. खोलगट भांड्याचं नाव दरीला देणं आपल्याला परकं नाहीच, संस्कृतात द्रोणी म्हणजे दोन डोंगरांमधली दरी, आणि आपण जेवायला बसतो तो पानांचा द्रोण त्याच घरातला. इटलीतही पालेर्मोभोवतीच्या खोलगट मैदानाला कोंका दोरो, म्हणजे सोन्याचा शिंपला, म्हणतात. म्हणून मराठीत अर्थ सांगायचा तर शंख नको, शिंपला म्हणा, कारण शंख म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे वेटोळं आणि देवघर येतं, आणि इथे मुद्दा खोलगटपणाचा आहे.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. गाव स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या यात्रेच्या वाटेवर आहे, फ्रान्समधल्या ल प्वी गावाहून निघणारे यात्रेकरू इथूनच जातात, आणि त्या यात्रेची खूण शिंपलाच, म्हणून लोक धरून चालतात की नाव त्यावरून पडलं. तसं नाही. दादों नावाचा एक संन्यासी इथे एकटा राहायला आला, त्याच्याभोवती मठ उभा राहिला, आणि 819 मध्ये राजा लुई द पायस याने त्या मठाला सनद दिली तेव्हा कोंक हे नाव आहेच. सांतियागोची यात्रा सुरू झाली ती त्यानंतर. म्हणजे शिंपला गावात आधी होता, यात्रेकरू तो गळ्यात घालून नंतर आले. मजा म्हणजे त्या शिंपल्याचं फ्रेंच नाव कोकीय हेही कोंकाच्याच कुटुंबातलं आहे.

यात्रेकरू मुळात इथे थांबायला लागले ते संत फ्वा मुळे. फ्वा म्हणजे श्रद्धा, आजाँ गावची ख्रिस्तासाठी जीव दिलेली एक लहान मुलगी. तिच्या अस्थी आजाँच्या मठात होत्या, आणि कथा अशी की कोंकचा एक साधू तिकडे जाऊन बरीच वर्षं राहिला, सगळ्यांचा विश्वास मिळवला आणि 866 च्या सुमारास त्या अस्थी चोरून इकडे घेऊन आला. त्यांच्याभोवती 11व्या शतकात मोठं चर्च बांधायला घेतलं, दारावर अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा निवाडा करतो त्याचं शिल्प, त्यात 124 आकृत्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी गावकऱ्यांनी चर्चचा सोन्याचा खजिना आपापल्या घरात लपवून वाचवला, 1837 मध्ये सरकारचे वास्तूनिरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे आले आणि पडायला आलेलं चर्च वाचलं, आणि 1994 मध्ये रोदेझच्याच पिएर सुलाज या चित्रकाराने केलेल्या नव्या खिडक्या बसल्या. 1998 पासून चर्च आणि दूर्दूवरचा जुना पूल युनेस्कोच्या यादीत आहेत. त्या पुलाला रोमन पूल म्हणतात पण तो मध्ययुगातला आहे, रोमनांचा काही संबंध नाही, तिथल्या ऑक्सितान बोलीत यात्रेकरूला रुमिउ म्हणतात त्याचंच ऐकता ऐकता रोमन झालं. मला हा पूल फार आवडतो, एका चुकीच्या ऐकण्याने अख्खा पूल हजार वर्षं म्हातारा करून टाकला.

शेवटी, नकाशावर शोधणार असाल तर लक्षात ठेवा की 2016 पासून शेजारची गावं धरून ग्रामपंचायत एक झाली आणि नाव झालं कोंक-आँ-रुएर्ग, रुएर्ग म्हणजे तो जुना प्रांत. नुसतं कोंक टाकलं तर कार्कासॉनजवळचं कोंक-सुर-ऑर्बिएल समोर येऊ शकतं, ते दुसरं गाव.