वाचकांचे प्रश्न : कॉइल स्वतः वळण्यापूर्वी

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातला असून मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये मोटरमन आहे. बारा वर्षे सिगारेट ओढली आणि दोन वर्षांपूर्वी ती सोडून, बोट युरोपच्या बंदरांना लागते तेव्हा तिकडे रीतसर मिळणारा व्हेप, म्हणजे द्रवाची वाफ ओढायची इलेक्ट्रॉनिक सिगारेट, वापरू लागलो. त्याची तयार कॉइल, म्हणजे द्रव तापवणारे तारेचे वेटोळे, सारखी बदलावी लागते आणि ती महाग पडते. सोबतचे काही जण रिबिल्डेबल अ‍ॅटोमायझर, म्हणजे वाफ करणारा पुन्हा पुन्हा बांधता येणारा भाग, वापरतात. त्यात तार आणि कापूस आपणच बसवायचा असतो. सुरुवात कशी करावी? गणपतीला घरी येताना हे सामान सोबत आणले तर चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचे आहे : नाही. आपल्या देशात 2019 च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. ही बंदी पूर्ण यंत्रापुरती नसून त्याच्या सुट्या भागांनाही लागू आहे आणि द्रवात निकोटीन आहे की नाही याने काही फरक पडत नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व 5 लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. ज्या हातांवर घर चालते ते हात चार दिवसांच्या रजेसाठी कस्टमच्या टेबलापुढे अडकवू नयेत. वाटेतल्या बंदरांचे नियमही सारखे नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत 2019 पासून विक्रीला परवानगी आहे, तर सिंगापुरात हे यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा आहे. म्हणून पुढचे सारे विवेचन, जिथे हे कायदेशीर आहे तिथे वापरणाऱ्या आणि आधीपासून निकोटीनची सवय असलेल्या प्रौढ माणसासाठीच आहे, असे समजून वाचावे.

तयार कॉइलवर तिचा रोध आणि ती किती वॉटवर चालवावी हे छापलेले असते, म्हणजे हिशेब कारखान्यात झालेला असतो. रिबिल्डेबल घेतले की तो हिशेब आपल्या अंगावर येतो, आणि पैसे वाचतात ते या बदल्यात, हे आधी मनाशी पक्के करावे. रचना तशी सोपी आहे. तळाशी धातूची बैठक असते, तिला डेक म्हणतात. तिच्यावर तार पकडणारे दोन खांब असतात, एक यंत्राच्या अंगाशी जोडलेला आणि दुसरा मधल्या पिनेशी जोडलेला, पण अंगापासून इन्सुलेटरने अलग ठेवलेला. तारेची दोन टोके या दोन खांबांत स्क्रूने आवळायची, वेढ्यांच्या पोकळीतून कापूस ओवायचा आणि कापसाची शेपटे द्रवाच्या खाचांत सोडायची. भोवती काचेची टाकी असेल तर त्याला आरटीए म्हणतात. टाकीच नसेल आणि द्रव वरून थेंबथेंब घालायचा असेल तर तो आरडीए, ज्याला बोलताना ड्रिपर म्हणतात. आपण एका कॉइलच्या आरटीएपासून सुरुवात करावी असे मला वाटते. दोन कॉइल एकमेकींना समांतर जोडल्या जातात, त्यामुळे एकूण रोध निम्मा होतो आणि चूकही दुपटीने महाग पडते.

तारेत कँथल, नायक्रोम आणि स्टेनलेस स्टील हे नेहमीचे प्रकार आहेत. कँथल ही लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांची मिश्रधातू असून शिकणाऱ्याला तीच बरी, कारण तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. निकेल आणि टायटॅनियमच्या तारा तापमान राखणाऱ्या यंत्रांसाठी असतात, साध्या वॉटवर त्या मुळीच चालवू नयेत. 26 गेजची कँथल तार सुमारे 0.4 मिलिमीटर जाड असते आणि तिचा रोध मीटरमागे सव्वाअकरा ओहमच्या आसपास भरतो. 3 मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे दिले आणि दोन्ही पायांची लांबी धरली की सुमारे 74 मिलिमीटर तार लागते, म्हणजे रोध 0.8 ओहमच्या थोडा वर यायला हवा. हे गणित वहीत मांडून मगच तार कापावी. मग मोजलेला आकडा वहीतल्या आकड्याच्या बराच खाली आला, तर कुठेतरी शॉर्ट आहे हे लगेच लक्षात येते. स्क्रू आवळल्यावर तारेची उरलेली टोके खांबाला लागून साफ कापावीत, कारण अर्धा मिलिमीटर टोक वरच्या झाकणाला टेकले तरी शॉर्टला तेवढे पुरते. रोध मोजायला ओहम रीडर किंवा यंत्रावरचा आकडा वापरावा. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम असतो आणि इथे तर सगळा खेळ दशांशांचा आहे.

पहिली तापवणी कापूस न घालता करायची. दहा-बारा वॉटवर बटण क्षणभर दाबून सोडावे आणि बघावे. कॉइल मधल्या वेढ्यांपासून लाल होत दोन्ही टोकांकडे गेली पाहिजे. एखादा पाय आधी लाल झाला तर तिकडचा स्क्रू सैल असण्याची शक्यता असते, आणि मध्येच एखादा ठिपका चमकत असेल तर वेढे नीट टेकलेले नसतात. बटण सोडून, सिरॅमिकच्या टोकाच्या चिमट्याने ते सारखे करावेत. बटण दाबलेले असताना साध्या लोखंडी चिमट्याने कॉइलला कधीही स्पर्श करू नये.

कापसाचे मर्म घरच्या समईत आहे. वात फार जाड वळून नाकात ठोसून बसवली तर तेल वर चढत नाही, तेल भरलेले असूनही वात काजळते. फार सैल ठेवली तर तेल ओघळून खालच्या ताटलीत जमते. इथेही अगदी तसेच घडते. कापूस वेढ्यांतून ओढताना किंचित अडला पाहिजे, पण कॉइल जागची हलता कामा नये. कापूस ठोसला तर तो कोरडा पडून जळतो, सैल राहिला तर द्रव गळतो. कोरडा जळण्याला मी फार महत्त्व देतो, कारण त्या वेळी द्रवातील ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचे विघटन होऊन अ‍ॅक्रोलीन, फॉर्मल्डिहाइड अशी घातक द्रव्ये तयार होतात. त्यामुळे कापूस द्रवाने पूर्ण भिजल्याखेरीज बटणाला हात लावू नये, आणि जळकट चव आली की तिथेच थांबून कापूस फेकून द्यावा. एवढी टाकी संपवून टाकू, असे म्हणू नये.

आता बॅटरी, म्हणजे सगळ्यात नाजूक भाग. बहुतेक यंत्रांत 18650 हा सेल असतो. तो 18 मिलिमीटर जाड व 65 मिलिमीटर लांब असून पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट देतो. तो थेट कॉइलला जोडला तर 0.8 ओहमवर सव्वापाच अँपिअर प्रवाह वाहील. तीच कॉइल 0.2 ओहमची केली तर 21 अँपिअर, आणि चांगल्या सेललाही अखंड 20 अँपिअरची मर्यादा असू शकते. म्हणून नवख्या माणसाने आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेले, शॉर्ट ओळखून बंद पडणारे यंत्रच वापरावे. त्यातही सेलवरचा भार वॉटवरून काढावा. 40 वॉट घेतले आणि सेल उतरून 3.2 व्होल्टवर आला असेल, तर प्रवाह साडेबारा अँपिअर होतो. आत सर्किटच नसलेली, मेकॅनिकल म्हणतात ती नळी मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. तिच्यात अ‍ॅटोमायझरची मधली पिन आट्यांच्या पुढे आलेली नसली, तर सेल नळीच्या अंगाशी थेट शॉर्ट होतो आणि धातूच्या बंद नळीत पेटलेला सेल स्फोटासारखा फुटतो. सेलवरचे प्लास्टिकचे वेष्टन जराही फाटले असेल तर तो सेल बाद समजावा. सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत ठेवू नये, प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. विमानात तो हातातल्या सामानातच न्यायचा असतो. समुद्रावरच्या खाऱ्या, दमट हवेत सेलच्या टोकांवर आणि आट्यांवर गंज धरतो, तेव्हा ती टोके कोरड्या फडक्याने वरचेवर पुसावीत. केबिनमध्ये झोपताना चार्जिंगला लावू नये, हे इंजिन रूममधल्या माणसाला अधिक सांगायला नको.

आणखी एक. या कॉइली तयार कॉइलींपेक्षा बऱ्याचदा जास्त वाफ काढतात, त्यामुळे पूर्वीचाच, समजा मिलिलिटरमागे 12 मिलिग्रॅम निकोटीनचा द्रव घातला तर निकोटीन जास्त जाते, सवय घट्ट होते आणि डोकेही गरगरते. निकोटीनचे प्रमाण खाली आणावे, आणि आणतच राहावे. आपण बारा वर्षांची सिगारेट सोडू शकलात, तर हेही सुटेल अशी मला मनापासून खात्री वाटते. रजेच्या दिवसांत त्यासाठी मदत हवी असल्यास केंद्र सरकारची 1800-11-2356 ही मोफत दूरध्वनी सेवा आहे.

प्रश्न : चिपळूणला माझे इलेक्ट्रिक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. कॉलेजातील मुले असले यंत्र घेऊन येतात आणि नायक्रोमची तार बसवून द्या, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला सेल काढून द्या, असे म्हणतात. काम पाच मिनिटांचे आहे. करावे का?

उत्तर : करू नये. सुटे भाग पुरवणेही कायद्यात बसत नाही, हे वर आलेच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी लॅपटॉपचा सेल हे कारण एकटेच पुरेसे आहे. तो मापाने तोच 18650 दिसतो, परंतु लॅपटॉपला तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह पुरवण्यासाठी बनवलेला असतो. असे बरेचसे सेल चार-पाच अँपिअरच्या वर खेचायचे नसतात, शिवाय जुना झाल्यावर तेवढ्याचाही भरवसा राहत नाही.

आपण कॉइलच्या शेगड्या दुरुस्त केल्याच असतील. 1000 वॉटच्या शेगडीची स्प्रिंग सुमारे 53 ओहमची असते आणि 230 व्होल्टवर ती सव्वाचार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. अंगठ्याएवढ्या सेलवर 0.2 ओहमची कॉइल लावणे म्हणजे त्याच्याकडून शेगडीच्या पाचपट प्रवाह मागणे होय. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेला शिकवत असताना एका मुलाने तुटलेल्या स्प्रिंगची टोके पीळ देऊन जोडून आणली होती. स्प्रिंग आखूड झाल्यामुळे प्रवाह वाढला, सांधा पांढरा होईपर्यंत तापला आणि खालची चिनीमातीची ताटली तडकली. तिथे निदान भिंतीवर फ्यूज होता. या मुलांच्या खिशात फ्यूज नसतो, हे त्यांना दुकानात बसवून, रागावल्याशिवाय सांगावे. तार आणि सेल हाताळणाऱ्या माणसाचे ते ऐकतील.

प्रश्न : मालवणहून लिहीत आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या बॅगेत तारेचे रीळ, कापूस, एक छोटी बाटली आणि जाड सेल मिळाला. हे गर्दचे सामान आहे का? घरात तीन वर्षांची नात आहे.

उत्तर : वर्णनावरून हे व्हेपच्या कॉइलीचे सामान दिसते, गर्दचे नाही. तरीही बाटलीतला द्रव निकोटीनचा असल्यास लहान मुलाला तो विषासारखा आहे आणि त्याला फळांचा गोड वास येत असल्याने मूल तो तोंडाला लावण्याचा संभव असतो. बाटली आजच नातीच्या हाताला लागणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवावी. द्रव अंगावर सांडला तर साबणाने धुवावा आणि थेंबभर जरी पोटात गेल्याचा संशय आला, तरी घरगुती उपाय करत न बसता बाटलीसह दवाखान्यात जावे. मुलाशी बोलताना बॅग तपासल्याचे लपवू नये, आणि पहिला प्रश्न, दिवसातून किती वेळा ओढतोस, हा असावा. सेल मात्र केरात टाकू नका. आपल्याकडे परसातला पालापाचोळा आणि केर एकत्र पेटवतात, पाणी तापवायच्या चुलीतही कागद-कपटे जातात, आणि आगीत पडलेला लिथियमचा सेल उडून फुटतो. त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून, ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे देईपर्यंत तो पत्र्याच्या नव्हे, प्लास्टिकच्या कोरड्या डब्यात ठेवावा.