इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, वय ३४. एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या विकाराची) तपासणी एनएचएसमधून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतून, लवकर कशी होईल? जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणतात, इथली प्रतीक्षा यादी काही वर्षांची आहे.

जीपींना ‘राइट टू चूज’ने रेफर करा म्हणा, नुसतं ‘रेफर करा’ नको. इंग्लंडमध्ये २०१४पासून मानसिक आरोग्यासाठीही पहिल्या भेटीची संस्था रुग्णाला निवडता येते. तिचा एनएचएसशी करार हवा, मग ती दुसऱ्या शहरातली असली तरी चालते आणि तपासणीचे पैसे पडत नाहीत. स्कॉटलंड, वेल्समध्ये हा हक्क नाही.

जाताना एएसआरएस ही लक्षणांबद्दलची १८ प्रश्नांची प्रश्नावली भरून न्या. ‘एडीएचडी यूके’च्या साइटवर जीपींना द्यायच्या पत्राचा नमुना आहे, तोही छापून न्या. संस्था मात्र आधीच बघून ठेवा. रांग प्रत्येकीची वेगळी, आणि काहींनी नवीन नावं घेणं थांबवलेलं असतं.

लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे विचारतातच. मी आईला सांगून प्रगतिपुस्तकाचे फोटो मागवले. ‘हुशार आहे, पण लक्ष नसते. वह्या अपूर्ण.’ बाईंचा शेरा तिसरी ते सातवी जवळपास तोच! भाषांतर मीच करून जोडलं, चाललं.

खरी मेख पुढे आहे. औषधाचा डोस बसला की पुढची प्रिस्क्रिप्शनं जीपींनी लिहायची, याला ‘शेअर्ड केअर’ म्हणतात. जीपी त्याला नाही म्हणू शकतात. माझ्या पहिल्या सर्जरीने (जीपींच्या दवाखान्याने) तेच केलं, शेवटी सर्जरी बदलली. म्हणून रेफरलच्या दिवशीच विचारून घ्या, जमल्यास ईमेलवर.