डिझेल गाड्यांत व्हीजीटी (व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो, म्हणजे वायूची वाट लहान-मोठी करता येणारा टर्बो) सर्रास असतो, मग पेट्रोलच्या परफॉर्मन्स गाड्यांत तो इतका कमी का? माझ्या टर्बो-पेट्रोलला तो बसवून घेता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचे पैसे जाणार आहेत. डिझेलचा व्हीजीटी पेट्रोल इंजिनाला बसवू नका. का, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. मी काही वर्षं पुण्याजवळ इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन गाडीबाहेर चालवून तपासतात त्या जागी, काम केलं. पूर्ण लोडवर लालभडक झालेला टर्बो काचेआडून एकदा पाहिला की यातलं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

टर्बोत इंजिनाचा जळका वायू (एक्झॉस्ट) टर्बाइनचं चाक फिरवतो आणि त्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबली जाते. साध्या टर्बोत टर्बाइनची वाट ठरलेल्या मापाची असते. ती अरुंद ठेवली तर कमी आरपीएमला चाक पटकन वेग घेतं, पण वरच्या आरपीएमला वायू बाहेर पडायला जागा पुरत नाही आणि इंजिन गुदमरतं. मोठी ठेवली तर वर मोकळं, खाली मात्र ॲक्सिलरेटर दाबून वाट बघायची, यालाच लॅग म्हणतात. व्हीजीटीत टर्बाइनच्या चाकाभोवती हलणाऱ्या पात्यांचं कडं असतं. आरपीएम कमी असताना पाती मिटत येतात, फट लहान होते आणि वायू वेगाने, चाकाला जवळजवळ स्पर्शरेषेत येऊन आदळतो. आरपीएम वाढले की पाती उघडतात. जलविद्युत केंद्रातल्या फ्रान्सिस टर्बाइनभोवती पाण्यासाठी अशीच फिरती पाती असतात.

डिझेलमध्ये हे आपल्या चांगलं ओळखीचं आहे. रांजणगावला पूर्वी बनणारं फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा. साध्या टर्बोवर ते ७५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) द्यायचं आणि व्हीजीटीवर ९० च्या आसपास.

पेट्रोलमध्ये याची खरी ताकद दाखवली ती पोर्शेने. २००६ साली आलेली ९९७ पिढीची ९११ टर्बो घ्या. आधीच्या ९९६ टर्बोचंही इंजिन ३.६ लिटरचंच होतं: ४२० पीएस, आणि ५६० एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २७०० ते ४६०० आरपीएमच्या पट्ट्यात. ९९७ मध्ये ते झालं ४८० पीएस, आणि ६२० एनएम १९५० ते ५००० पर्यंत. लोक ६० पीएसच्या वाढीबद्दल बोलतात. माझ्या मते बघण्यासारखा आहे तो टॉर्कचा पट्टा. तो वर सरकला नाही, दोन्ही बाजूंना रुंदावला. वळणातून बाहेर पडताना गिअर न बदलता गाडी ओढ घेते ती यामुळे. व्हीजीटीचं काम हेच. नुसता मोठा आकडा हवा असेल तर मोठा साधा टर्बो स्वस्तात देतो.

ही पेट्रोलवरची पहिली व्हीजीटी गाडी असं बरेच जण लिहितात, ते बरोबर नाही. अमेरिकेत १९८९ साली शेल्बी या कंपनीने सीएसएक्स-व्हीएनटी काढली होती, २.२ लिटर, १७५ अश्वशक्ती, टर्बो बनवणाऱ्या गॅरेटच्या हलत्या पात्यांच्या टर्बोसह. पण अशा गाड्या जेमतेम ५०० बनल्या. तिथून पोर्शेपर्यंत सतरा वर्षं गेली, आणि त्याचं मोठं कारण उष्णता.

डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत जातो, पेट्रोलचा पूर्ण लोडवर १००० अंशांच्या घरात. घट्ट बसवलेला स्थिर भाग एवढं तापमान एक वेळ सोसेल. इथे मात्र प्रत्येक पात्याला बारीक पिनवर फिरायचं असतं आणि पातं व भिंत यांच्यात अगदी थोडी फट राखायची असते. तापल्यावर धातू फुगतो. फट कमी ठेवली तर पाती अडकतात. जास्त ठेवली तर वायू कडेने निसटतो आणि सगळा फायदा तिथेच गळून जातो. पोर्शे आणि टर्बो बनवणारी बोर्गवॉर्नर यांना त्यासाठी विमान-इंजिनांच्या तोडीच्या उष्णतारोधक मिश्रधातूंकडे जावं लागलं. ती किंमत ९११ मध्ये खपते, दहा लाखांच्या गाडीत नाही.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. पाती मिटली की टर्बाइनच्या आधीचा दाब वाढतो आणि जळका वायू थोडा सिलेंडरमध्येच राहतो. डिझेलला ते फारसं खटकत नाही, उलट ईजीआरकडे (थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था) वायू ढकलायला मदतच होते. पेट्रोलमध्ये त्या उरलेल्या गरम वायूने नवं मिश्रण आधीच तापतं आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं आपोआप भडकणं, सुरू होतं. म्हणजे ज्या कमी आरपीएमला पाती मिटायला हवीत, तिथेच ती फार मिटवता येत नाहीत. त्यात पेट्रोल इंजिन सहा-सात हजार आरपीएमपर्यंत जाणार, म्हणून वायूच्या प्रवाहाचा आवाकाही डिझेलपेक्षा मोठा.

यातून काहींनी वाट काढली आहे. फोक्सवॅगनने युरोपातल्या १.५ टीएसआय या पेट्रोल इंजिनाच्या एका आवृत्तीत मिलर सायकल (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा वेगळ्या वेळी बंद करण्याची पद्धत) वापरून एक्झॉस्टचं तापमानच खाली आणलं आणि मग व्हीजीटी बसवला. बाकीचे बहुतेक ट्विन-स्क्रोलवर, म्हणजे वायूसाठी दोन वेगळ्या वाटा असलेल्या साध्या टर्बोवर, समाधानी आहेत. आणि आता विजेवर फिरणारा टर्बो आला आहे. खुद्द पोर्शेने २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये टर्बोच्या दांड्यावरच मोटर बसवली आणि पात्यांना फाटा दिला. २०२० ची ९११ टर्बो एस मात्र अजून व्हीजीटीवरच होती, ६५० पीएस आणि ८०० एनएम. मला व्यक्तिशः पात्यांची रचना जास्त आवडते, कारण वाया जाणाऱ्या वायूतूनच ती सगळं काढते.

आता तुमच्या गाडीकडे. भंगार बाजारातून स्वस्तात आणलेला डिझेलचा टर्बो तुमच्या इंजिनाचं तापमान फार दिवस सोसणार नाही. पाती मिटलेल्या अवस्थेत अडकली तर वरच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) हाताबाहेर जाईल आणि पिस्टनवर येईल. शिवाय पाती कधी किती उघडायची हे तुमच्या ईसीयूला (इंजिन चालवणारा संगणक) माहीतच नाही. त्यासाठी वेगळा कंट्रोलर आणि डायनोवर (ताकद मोजणारं यंत्र) अनेक दिवसांचं ट्यूनिंग लागेल. लॅगच कमी करायचा असेल तर आधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारा भाग) पाईप आणि होज गळतात का ते तपासून घ्या, वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वगळून सोडणारी झडप) नीट बंद होतो का ते बघा. माझ्या पाहण्यात ‘टर्बो लॅग’ म्हणून आलेल्या दोन पेट्रोल गाड्यांत दोष फक्त सैल झालेल्या क्लॅम्पचा होता.