डॉक्टर ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हणतात, पण दुसराच आजार असू शकतो का?

हो, नक्कीच असू शकतो. वर्षभर थकवा, उतरलेलं वजन, लोकलमध्ये उभं राहिलं की अंधारी, आणि तपासणी फक्त हिमोग्लोबिन व थायरॉइडची, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावर क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनेही न जाणारा दीर्घकाळचा थकवा, हे निदान पक्कं मानू नका. थकव्याची इतर कारणं तपासून झाल्यावरच ते करायचं असतं.

वजन उतरणं आणि अंधारी येणं वाचून मला ॲडिसनच्या आजाराची शंका येते. यात मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी पुरेसं कॉर्टिसॉल (शरीराला ताण पेलायला लागणारं हार्मोन) बनवत नाहीत. हिरड्या किंवा तळहाताच्या रेषा काळवंडल्यात का, खारट खावंसं वाटतं का, ते बघा. घरात कुणाला किंवा तुम्हाला पूर्वी टीबी झाला असेल तर जरूर सांगा, टीबीमुळेही या ग्रंथी निकामी होतात. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल, सोबत सोडियम-पोटॅशियम, इथून सुरुवात होते. निदान झालं तर रोजच्या गोळ्यांवर माणूस कामाला लागतो. मात्र उलट्या, पोटदुखी आणि बीपी घसरणं एकदम सुरू झालं तर थेट इमर्जन्सी गाठा, त्यात जीवाला धोका असतो.

शिवाय बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर बी-१२ आधी. घोरत असाल तर झोपेची तपासणीही.

खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांची ओपीडी आहे. रांग मोठी असते, पण जुने सगळे रिपोर्ट घेऊन जाच.