‘क्रॅप्स लास्ट टेप’ पहिल्यांदाच पाहणार आहे. विनोदी आहे की उदास? कुठे बसावं, काय बघावं?

दोन्ही आहे, आणि बहुतेक वेळा एकाच क्षणी. आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटचं हे एकपात्री नाटक २८ ऑक्टोबर १९५८ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं.

आधी तिकिटाचं. चौथ्या ते आठव्या रांगेतली मधली खुर्ची घ्या, बाल्कनी नको. यात नट बोलतो कमी आणि ऐकतो जास्त. ऐकतानाचा त्याचा चेहरा दिसला नाही तर अर्धं नाटक गेलंच. प्रयोग साधारण ४५ ते ६० मिनिटांचा असतो आणि त्याला मध्यंतर नसतं. सुरुवातीची काही मिनिटं एकही शब्द नाही, सगळा मूकाभिनय. उशिरा पोचलात तर नेमका सगळ्यात हसवणारा भाग हुकेल.

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मुळे एकपात्री म्हणजे एका नटाने ५२ माणसं उभी करणं, असं आपल्या मनात बसलेलं असतं. इथे माणूस एकच, वयं तीन. ६९ वर्षांचा क्रॅप दर वाढदिवसाला स्वतःचा आवाज टेपवर भरून ठेवतो. आज तो ३९व्या वर्षीची टेप लावतो. आणि त्या टेपवरचा क्रॅप सांगत असतो की मी आत्ताच दहा-बारा वर्षांपूर्वीची माझी टेप ऐकली. एवढा हिशेब डोक्यात घेऊन गेलात की गोंधळ होत नाही.

आता हसण्याकडे कान ठेवा. ३९चा क्रॅप आपल्या तरुणपणीच्या संकल्पांना हसतो, म्हातारा त्याला साथ देतो. लगेच पुढे दारू कमी करण्याचा संकल्प येतो आणि तिथे म्हातारा एकटाच हसतो, टेप गप्प. मघाशी तो मागच्या अंधारात गेला तेव्हा बूच उडाल्याचा आवाज आलेला असतो. नंतर पुन्हा जातो तेव्हा बुचं तीन. केळ्यांचंही तसंच. सुरुवातीला तो केळं खातो, सालीवरून घसरतो, सगळे हसतात. मग टेपवरचा आवाज कबुली देतो की आज तीन केळी खाल्ली, माझ्या तब्येतीला ती वाईट. म्हणजे तीस वर्षांत काही बदललेलं नाही.

प्रयोग फसतो तो बहुधा इथेच. नटाने केळ्याची सर्कस केली, तर प्रेक्षक पुढेही तसल्याच गमतीची वाट बघत राहतात आणि चुळबुळ सुरू होते. नाटककार हॅरोल्ड पिंटर यांनी २००६ मध्ये रॉयल कोर्टमध्येच व्हीलचेअरवर बसून, केळी पूर्ण वगळून हा प्रयोग केला होता. केळी काढली तरी नाटक उभं राहतं, पण मला ती हवीतच. आधी हसलो नसू तर पुढचं तितकं लागत नाही.

दुसरी अडचण आवाजाची. टेपचा आवाज टेबलाकडूनच यायला हवा, त्यासाठी टेबलाखाली स्पीकर लपवावा लागतो. आवाज नाट्यगृहाच्या भिंतींवरून आला की यंत्र खोटं वाटतं. बटण दाबल्यावर आवाजाला अर्धा सेकंद उशीर झाला तरी नको तिथे हशा पिकतो. कुणी टेप गुंडाळलेल्या स्पूलऐवजी मोबाइल वापरत असेल तर माझ्या मते चुकतंच. हाताने टेप पुढे-मागे पळवणं हीच इथली मुख्य हालचाल आहे. तो काय ऐकवत नाही म्हणून वैतागून पुढे पळवतो आणि कुठला तुकडा पुन्हा मागे आणून ऐकतो, ते नीट बघा. नाटक तिथे आहे.

शेवटी आवाज संपतो, पण टेप फिरत राहते आणि क्रॅप समोर बघत बसतो. पुष्कळ जण इथे टाळ्या वाजवतात किंवा मोबाइल उघडतात. दिवे पूर्ण जाईपर्यंत थांबा.